धाररावाची मान

खडकगडच्या राजा धाररावाने एक बंदिश स्वतःपुरती राखून ठेवली होती. दरबारगवई मोरबुवांनी ती फक्त त्याच्यासमोर गायची, कुणालाही शिकवायची नाही.

एकदा बुवांची विधवा सून अंबिका तीच बंदिश गुणगुणत बाळाला निजवताना सापडली. तिला बांधून दरबारात आणलं.

“शिकवली असेल तर बुवा, तुमची जीभ जाईल,” राजा म्हणाला. “चोरली असेल तर हिची.”

“शिकवली नाही, महाराज. मी रियाजाला बसतो, ती पलीकडे भाकऱ्या थापते. ऐकून ऐकून आली तिला.”

“म्हणजे चोरलीच.”

जल्लाद पुढे झाला. तेवढ्यात बुवांनी तीच बंदिश सुरू केली. राजाचा हात सवयीने मांडीवर ताल धरू लागला. समेला त्याची मान डोलली, पण बुवांनी तिथला सूर मुद्दाम बदलला.

“चुकलात,” राजा कडाडला. “समेला गंधार हवा.”

“हवाच, महाराज. पण ही बंदिश मी तुम्हालाही कधी शिकवली नाही. तुम्ही कुठून चोरलीत?”

राजाने मांडीवरचा हात उचलला. त्याच हाताने त्याने जल्लादाला मागे सरायची खूण केली.

अंबिका सुटली. धारराव मात्र पुढे जन्मभर गाणं ऐकताना मुठी आवळून, मान ताठ धरून बसत असे.