मिस्त्रींचा फडका

चूक रंगराव मिस्त्रींची होती. बार्शी नाक्यावरच्या आमच्या गॅरेजात तीस वर्षं त्यांचाच शब्द शेवटचा. जैनुद्दीनभाईंच्या जुन्या ट्रकचं इंजिन पुढून, मागून, वरून ऑइल गाळत होतं.

"सगळी सीलं गेली. इंजिन उतरवा," मिस्त्रींनी फर्मान काढलं.

"सगळी एकदम कशी जातील?" मी म्हणालो.

"शाळा सोडलेल्यानं मला शिकवू नये. खोटा ठरलास तर पाना ठेवायचा आणि घरी जायचं."

"चालेल."

वयाचा मान ठेवायचा म्हणे. मी इंजिनाचा ठेवला. सगळं पुसून काढलं, ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि इंजिन चालू केलं. थेंब पडला नाही. झाकण लावलं, लगेच गळायला लागलं. म्हणजे आत हवा कोंडत होती आणि तीच ऑइल बाहेर ढकलत होती. हवा सोडणारी नळी पाहिली, तर तिच्या तोंडाला फडका करकचून बांधलेला. धूळ जाऊ नये म्हणून मागच्या महिन्यात मिस्त्रींनीच बांधला होता.

"मग इंजिन उतरवायचं का?" जैनुद्दीनभाईंनी विचारलं.

"इंजिन राहू द्या, भाई. मिस्त्रींचा फडका तेवढा उतरवा."

त्या दिवसापासून नाक्यावरचे ड्रायव्हर इंजिनाचं काही मिस्त्रींना विचारत नाहीत. मला विचारतात.