खिंडीचा कौल

डोंगरांच्या कुशीत वसलेल्या एका गणराज्यात एकदा असा प्रश्न उभा राहिला की सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनासे झाले. राज्याच्या उत्तरेला एक खिंड होती. पलीकडच्या मुलखातून मीठ आणि कापड याच वाटेने येई, लग्नाची वऱ्हाडे याच वाटेने जात, आणि अलीकडे लुटारूंच्या टोळ्याही याच वाटेने उतरू लागल्या होत्या. ही खिंड दगडांनी कायमची बुजवावी की आहे तशी राखावी, हे महासभेला ठरवता येईना. तेव्हा सभेने साऱ्या प्रजेचा कौल घ्यायचे ठरवले. प्रत्येक गावात पडद्याआड दोन रांजण ठेवायचे. एक ‘बुजवा’ म्हणणाऱ्यांचा, दुसरा ‘राखा’ म्हणणाऱ्यांचा. प्रत्येकाने आपला खडा हव्या त्या रांजणात टाकायचा.

खिंडीच्या पायथ्याच्या गावात हे काम आचार्य श्रीरंगांकडे आले. आचार्य वृद्ध होते आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांचा शब्द मानत. त्यांचा शिष्य केदार राजधानीत राहून विद्या घेऊन आला होता. खिंड राखली पाहिजे, ती बुजवली तर राज्य उपाशी मरेल, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गावात मात्र ‘बुजवा’ म्हणणारेच अधिक दिसत. रोज पारावर वाद घालून त्याचा घसा बसला होता.

एके सकाळी तो संतापून आचार्यांपुढे आला.

“गुरुजी, या लोकांना आपण काय निवडतो आहोत हेच कळत नाही. कोणी म्हणतो, खिंड बुजली की पाऊस वाढेल. कोणी म्हणतो, पलीकडचे लोक आपली गुरे चोरतात. बहिरू धनगराला मी तासभर समजावले, तर तो मान खाली घालून बसला आणि शेवटी म्हणाला, ‘बुजवा.’ अशांच्या हाती राज्याचे भवितव्य द्यायचे?”

“मग काय करावे म्हणतोस?” आचार्यांनी विचारले.

“परीक्षा घ्यावी. ज्याला प्रश्न समजला आहे त्यालाच खडा द्यावा. हेमशेटही याच मताचे आहेत.”

हेमशेट हा गावातला मिठाचा व्यापारी. आचार्य म्हणाले, “विचार करण्याजोगे आहे. पण पहिली परीक्षा माझी घे. मी उत्तीर्ण झालो तर मग गावाची घे.”

दुसऱ्या दिवशी पारावर सारा गाव जमला. केदार प्रश्न काढून तयार होता. त्याला वाटले, आचार्य उत्तरे देतील आणि लोकांना आपले अज्ञान आपोआप उमगेल.

“खिंड बुजवल्यावर पाच वर्षांनी राज्यात मीठ कोणत्या भावाने मिळेल?”

“मला ठाऊक नाही,” आचार्य म्हणाले.

“खिंड राखण्यासाठी किती सैन्य लागेल?”

“ठाऊक नाही.”

“पलीकडचा राजा कौल ऐकून काय करील?”

“बाळा, तो राजा स्वतः तरी आज हे सांगू शकेल का? मला ठाऊक नाही.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. हसले कोणीच नाही. आचार्य उठून शांतपणे म्हणाले, “मी परीक्षेत उत्तीर्ण झालो नाही,” आणि घरी गेले. गावाची परीक्षा तिथेच बारगळली.

कौलाचा दिवस उजाडला. देवळासमोर रांग लागली. म्हातारी माणसे मुलांच्या खांद्यावर हात ठेवून आली. बहिरू धनगर आला. गेल्या हिवाळ्यात त्याचा धाकटा मुलगा मेंढरे राखताना लुटारूंच्या हातून मारला गेला होता. साळूबाई आली, तिची लेक खिंडीपलीकडे दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दोघे रांगेत मागेपुढे उभे होते, पण एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. एरवी साळूबाईच्या घरचे ताक बहिरूच्या झोपडीत रोज जाई.

आचार्यांनी सर्वांना खडे वाटले आणि मग ते बाजूला लिंबाखाली जाऊन बसले. दुपार कलली तरी ते उठेनात. केदार अस्वस्थ झाला. लोक कुजबुजू लागले की आचार्यांना दोन्ही बाजू अमान्य आहेत. शेवटी तो त्यांच्याजवळ गेला.

“गुरुजी, रांजण झाकायची वेळ झाली. आपला खडा?”

“मला कसा मिळेल? तुझ्या परीक्षेत मी नापास झालो.”

“ती परीक्षा आपल्यासाठी नव्हती!”

“मग कोणासाठी होती?”

केदार काकुळतीला आला. “गुरुजी, मिठाचा भाव ठाऊक नसला म्हणून काय झाले? योग्य काय आणि अयोग्य काय हे आपण जाणता. आपल्या एका खड्यानेही फरक पडेल.”

“म्हणजे उत्तरे न येताही माणूस कौल देण्यास पात्र असू शकतो?”

“आपल्यासारखा माणूस, होय.”

“आणि बहिरूसारखा?”

केदार देवळाच्या दिशेने पाहू लागला.

“हेमशेटची परीक्षा घेतली होतीस?” आचार्यांनी हळूच विचारले.

“ते तर... ते तर आपल्याच बाजूचे आहेत,” केदारच्या तोंडून निघून गेले, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

आचार्य हात टेकून उठले, पडद्याआड गेले आणि आपला खडा टाकून आले. तो कोणत्या रांजणात पडला हे कोणालाही कधी कळले नाही.

काही दिवसांनी राजधानीहून निकाल आला. थोड्याशा फरकाने ‘बुजवा’ जिंकले होते. गावात ढोल वाजले. साळूबाईने दार लावून घेतले. केदारने आपली पोथ्यांची झोळी बांधली आणि तो आचार्यांचा निरोप घ्यायला आला.

“मी हे गाव सोडतो आहे, गुरुजी. आपण मला लाजवले ते योग्यच केले. माझ्या बाजूचे लोकही अज्ञानीच होते, हे मला पटले. पण त्याने काय साधले? आंधळ्यांनी वाट निवडली, आणि आता सर्वांनी त्या वाटेने जायचे.”

आचार्यांनी त्याला बसवले आणि म्हणाले, “केदार, पुढे काय घडेल हे मतदाराला समजत नाही, हे खरे. पंडितालाही समजत नाही. पण प्रत्येकाला काहीतरी समजते. आपले कुठे दुखते, आपल्याला कशाची भीती वाटते, हे त्याला समजते. ते सांगायला आपण त्याला दोनच रांजण दिले. हजार दुःखे दोन रांजणांत ओतली, की वर एकच शब्द तरंगतो. जिंकणारे तो शब्द हातात घेऊन म्हणतात, प्रजेच्या मनातले सगळे आम्हाला कळले. हरणारे म्हणतात, प्रजेला काहीच कळत नाही. दोघांनीही विचारलेले नसते. तू बहिरूला तासभर समजावलेस. त्याला काही विचारलेस का?”

केदारने नकारार्थी मान हलवली.

“मग जाण्यापूर्वी तेवढे करून जा.”

बहिरूचा मेंढरांचा वाडगा गावाबाहेर होता. केदारला येताना पाहून तो सावध झाला. “आता काय समजवायला आलास, पंडिता? झाला ना कौल.”

“समजवायला नाही आलो, बहिरूकाका. तुम्ही ‘बुजवा’ म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात काय होते ते विचारायला आलो.”

बहिरूने हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “पोरगं गेलं माझं. थोरला आता तिकडं चारायला जातो. दिवेलागणीला तो दिसेपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. तुम्ही मिठाचं सांगत होता, कापडाचं सांगत होता. माझ्या पोराचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. ‘बुजवा’वाले आले, त्यांनी काढलं.”

“काय होतं त्याचं नाव?”

“मल्हारी.”

केदारला ते ठाऊक नव्हते. एकाच गावात राहून ठाऊक नव्हते. तो तिथेच जमिनीवर बसला. बहिरू बोलत राहिला, आणि त्या दिवशी केदारने एकदाही त्याचे बोलणे तोडले नाही.

उठताना त्याने एवढेच विचारले, “साळूबाईची लेक माहेरी येऊ नये, असं तुम्हाला वाटत होतं का?”

“छे, छे! असं कोण म्हणेल? तिला अंगाखांद्यावर खेळवलीय मी.” बहिरू चपापला. “पण बुजवली म्हणजे... तिलाही नाही येता यायचं, होय रे?”

केदार गाव सोडून गेला नाही. बहिरूला घेऊन तो महासभेत गेला. तिथे जिंकलेल्या पक्षाचे पुढारी म्हणाले, प्रजेने आज्ञा दिली आहे, आता दगड रचायचे तेवढे बाकी आहेत. तेव्हा बहिरू उभा राहिला. “माझाही खडा तुमच्याच रांजणात आहे,” तो म्हणाला. “लुटारू येऊ नयेत म्हणून मी तो टाकला. लेकीबाळी येऊ नयेत म्हणून नाही टाकला. दगड रचण्याआधी बाकीच्यांनाही विचारा.”

सभेत खूप गोंधळ झाला. कौल मोडायचा डाव आहे, असेही काही ओरडले. पण ‘बुजवा’ म्हटलेल्या माणसाचेच ते शब्द होते, आणि ते टाळणे कोणालाच सोपे नव्हते. माणसे गावोगाव पाठवली गेली. पुष्कळ महिने गेले. शेवटी खिंडीत भिंत उभी राहिली, तिला एक दरवाजा ठेवला गेला आणि दरवाजावर पहारा बसला. मीठ महागले. काही कुटुंबे रागावून राज्य सोडून गेली. सर्वांचे समाधान झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

पुढे आचार्यांच्या पश्चात गावाचे काम केदारकडे आले. कौल घेण्याचे प्रसंग नंतरही आले, आणि मतभेदही तितकेच तीव्र झाले. अशा वेळी केदार रांजण मांडण्यापूर्वी आपल्या विरुद्ध मताच्या माणसाच्या घरी जाई, अंगणात बसे आणि त्याला बोलते करी.

आपण मत देतो तेव्हा काय निवडतो, हे आपल्याला पुरते कळत नाही. शेजाऱ्याने काय निवडले, हे मात्र त्याच्याकडे जाऊन विचारता येते.