लाल टिंबं

“गुरुजी, यात उणं काय आहे तेवढं सांगा.”

प्रज्योतने सात पानं निकाळजे गुरुजींपुढे ठेवली. ठेवली कसली, मांडली. वकिलीच्या शिक्षणाचं दुसरं वर्ष, वक्तृत्वाच्या अकरा ढाली घरात, आणि आवाज असा की समाजमंदिराचे पत्रे घुमावेत. त्याला उत्तर नको होतं, शाबासकी हवी होती.

निकाळजे गुरुजी निवृत्तीनंतर वस्तीच्या समाजमंदिरात भाषण आणि निबंध शिकवायचे. पाठ्यपुस्तक नव्हतं. हक्कांसाठी तुरुंगात गेलेल्यांची पत्रं, पाण्याच्या सत्याग्रहातली भाषणं, न्यायालयांचे निकाल... हे वाचायचं आणि मग लिहायचं. प्रज्योतने सगळं वाचलं होतं. बरंचसं त्याला पाठही होतं.

एक मेची ग्रामसभा परवावर आली होती. वस्तीचा स्मशानाकडे जाणारा रस्ता एका बागाईतदाराने तारा ठोकून बंद केला होता. दोन पावसाळे वस्तीची माणसं तिरडी घेऊन ओढ्यातून जात होती. परवा ठराव झाला नाही तर तिसरा पावसाळाही तसाच जाणार होता. आणि वस्तीतर्फे बोलणार होता प्रज्योत.

गुरुजींनी पानं चाळली. ओळींमध्ये जागोजाग लाल टिंबं होती.

“हे काय?”

“टाळ्यांच्या जागा. तिथे थांबायचं.” स्पर्धेत सगळेच असं करतात, असंही त्याने सांगितलं.

 गुरुजींनी शेजारच्या घरातल्या भागाबाईंना हाक मारली. गेल्या श्रावणात त्यांच्या नवऱ्याची तिरडी त्याच ओढ्यातून गेली होती. भागाबाई आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

“वाच,” गुरुजी म्हणाले.

प्रज्योतने वाचलं. झकास वाचलं, खोटं कशाला बोलू. न्यायाची व्याख्या झाली, समता झाली, बंधुता झाली. पहिलं लाल टिंब आलं आणि तो थांबला.

...

“झालं का, लेकरा?” भागाबाईंनी विचारलं.

तो नाही म्हणाला आणि पुढे वाचू लागला. दुसऱ्या टिंबाला त्या उठायलाच निघाल्या. तिसऱ्यावर तो थांबलाच नाही.

वाचून झाल्यावर भागाबाई म्हणाल्या, “लई ग्वाड वाचलंस. पन हे कुठल्या गावाचं रं?”

 अकरा ढाली मिळवताना हा प्रश्न प्रज्योतला कुणी विचारला नव्हता.

गुरुजींनी भागाबाईंना त्या दिवसाचं सांगायला सांगितलं.

“काय सांगू... पानी कमरंला लागलं. पोरांनी तिरडी डोक्यावर धरली. मधीच एकाचा पाय सरला, अन् यांचा पाय पान्यात बुडाला. डावा.” त्या थांबल्या. “म्या पदरानं पुसला.”

...

 गुरुजींनी प्रज्योतचं लाल पेन उचललं, टोपण काढलं आणि “यात टिंब कुठे देशील?” म्हणत त्याच्यापुढे धरलं.

त्याने ते घेतलं. टोपण लावलं. खाली ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो एकच पान घेऊन आला. रस्ता नकाशात कुठे आहे, तारा कधी ठोकल्या, ओढ्याला पाणी किती असतं, आणि भागाबाईंच्या नवऱ्याचा डावा पाय. शेवटी मागणी, दोन ओळींत. गुरुजींनी ते पान दोनदा वाचलं. त्यांना आनंद झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

मग प्रज्योत म्हणाला, “गुरुजी, हे भागाआजीच वाचतील. मी मागे बसेन.”

त्यागाचीही एक ऐट असते. ती त्याच्या आवाजात होती.

“त्यांनी मागितलं का तुझ्याकडे?”

“नाही...”

“त्यांनी नवरा ओढ्यातून नेला. आता भाषणही त्यांनीच करायचं? तुला बोलता येतं. तू बोल.”

 प्रज्योतने पान उलटसुलट करून पाहिलं. त्यावर एकही टिंब नव्हतं.

“मग थांबायचं कुठे, ते कसं कळणार?”

गुरुजींनी पानाची घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवली.

“भागाबाईंना पुढच्या रांगेत बसव. त्या श्वास घेतील, तिथे थांब.”