कॉटखालचा कॉम्प्युटर

दादाचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी थोरले मामा भंगारवाल्याला घेऊन दारात उभे राहिले.

कॉटखाली दादाचा अर्धवट कॉम्प्युटर होता. नवा परवडत नव्हता, म्हणून एका बंद पडलेल्या ऑफिसातला दोन प्रोसेसर बसणारा बोर्ड आणि वापरलेले प्रोसेसर जमवत दादा तो बांधत होता. पहिला प्रोसेसर त्याने स्वतः बसवला. दुसरा कुरिअरने आला, तेव्हा दादा तिरडीवर होता.

गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मामांची नजर तिखट झाली होती. त्यांनी तो डबा पायानेच बाहेर ओढला.

"मेलेल्या मशीनींचे अवयव! घरात अवदसा येईल. उचल रे हे."

दादाचा धाकटा भाऊ सुखदेव डब्याला आडवा झाला. "हात लावायचा नाही! मी पुरा करणार आहे. चालेल तो."

"मेलेल्याचं काढून दुसऱ्यात घातलेलं कधी चालतं का, सुख्या? एक तरी दाखव. दाखवलंस, तर ठेव खुशाल."

सुखदेवने खिळ्यावरचा आरसा काढला आणि मामांच्या तोंडासमोर धरला.

"हा बघा, मामा. तुमचा उजवा डोळा."

त्या डोळ्यात कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं होतं, हे सगळ्या घराला माहीत होतं.

भंगारवाला रिकामं पोतं घेऊन निघून गेला. मामा कितीतरी वेळ आरशात बघत राहिले. मग ते डब्याशेजारी खाली बसले. पाणी दोन्ही डोळ्यांतून येत होतं.

"दुसरा कुठं बसवायचा रे?" डब्यातलं कुरिअरचं पाकीट उचलून त्यांनी विचारलं.