दुर्पा सशिणीची कानबंदी

आटपाट नगरात राजे असतात. ही गोष्ट रानातली आहे, आणि त्या रानात लोकशाही होती. रीतसर निवडणूक झाली होती आणि तरसेंद्र महाराज बिनविरोध निवडून आले होते. त्यांच्याविरुद्ध उभं राहिलेलं सांबर मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला गेलं होतं. ते पानावर बसलं की पानात पडलं, याचा खुलासा झाला नाही. कुणी मागितलाही नाही, कारण त्याच दिवशी एक फार मोठी बातमी आली.

बातम्यांचं काम पोपटांकडे होतं. दर झाडावर एक पोपट, आणि सगळ्यांचा म्होरक्या मिठूशेठ. तो उंच सागावर बसून आरोळी ठोकायचा आणि तीच आरोळी झाडाझाडावरून पुढं जायची.

“धक्कादायक! पल्याडच्या रानातले कावळे आपलं आभाळ चोरतायत!”

झालं. सगळं रान माना वर करून फिरू लागलं. चालताना ठेचा लागायच्या, काटे रुतायचे, पण आभाळावर पहारा ठेवायचा म्हणजे तेवढं सोसायला हवं, असं जो तो दुसऱ्याला सांगायचा.

या रानात तळ्याच्या उताराला दुर्पा नावाची सशीण राहायची. नवरा केरबा, पदरात चार पिलं. आधीच सशाचे कान. त्यात दुर्पाचे जरा जास्तच लांब. एकाच वेळी तीन झाडांवरचे पोपट तिला ऐकू येत, आणि ती तिन्ही ऐके. गवत तोंडात तसंच राही. बिळाचं एक तोंड ढासळलं होतं, ते उपसायचं आज-उद्यावर पडत होतं. झोपेतही तिचे कान उभे असत.

एके सकाळी तिची धाकटी पहिला शब्द बोलली. पिलू ‘आई’ म्हणेल म्हणून दुर्पा आशेनं पुढं झाली. पिलानं डोळे मोठे केले आणि म्हटलं, “धक्कादायक!”

केरबा खूश झाला. “पोरगी नाव काढणार!”

दुर्पाला मात्र कसंसंच झालं. ती उठली, सावरीच्या झाडाखाली गेली, बोंडांतून पडलेला कापूस गोळा केला आणि दोन्ही कानांत बोळे कोंबले. नवऱ्याला म्हणाली, “सकाळी एकदा ऐकेन. मग दिवसभर कान बंद.”

“आणि मधे काही झालं म्हणजे?”

“झालेलं उद्या सकाळीही झालेलंच असेल की.”

बोलणं सोपं होतं. पहिल्या दुपारी तिचा जीव कासावीस झाला. सगळे धावतायत, ओरडतायत, आणि आपल्याला काहीच कळत नाहीये! शेवटी तिनं एक बोळा हळूच काढला. सागावरून मिठूशेठ विचारत होता, “अस्वलानं मध खाल्ला, की मधानं अस्वल खाल्लं? पाहूया चार कोल्ह्यांची चर्चा!” दुर्पानं बोळा परत घातला, तो जरा खोलच.

मग हळूहळू गंमत झाली. गवताला चव असते, हे तिला पुन्हा आठवलं. बिळाचं ढासळलेलं तोंड एका दुपारीत उपसून झालं. धाकटी दिवसभर तिच्या पायांत लुडबुडू लागली आणि कानाशी येऊन ‘आई’ही म्हणाली, इतक्यांदा की दुर्पा वैतागली. केरबाही संध्याकाळचा जवळ येऊन बसू लागला. तो तिला बातम्या सांगे, तिला त्या ऐकू येत नसत, आणि दोघांचं छान जमे.

मान वर नसल्यामुळं तिला जमीन दिसू लागली, आणि एक दिवस तळं दिसलं.

तळं अर्ध्यावर आलं होतं. ऊन इतकं नव्हतं, मग पाणी गेलं कुठं? ती काठाकाठानं निघाली. मागच्या अंगाला, घाणेरीच्या जाळीत, ताजा खणलेला पाट होता. त्यातून पाणी खळखळ वाहत होतं आणि थेट महाराजांच्या आवारात जात होतं. आवारात महाराज नव्या डोहात पाठीवर पडून तरंगत होते. तेही आभाळच बघत होते, पण त्यांना कसली काळजी दिसली नाही.

दुर्पा धावत घरी आली. केरबानं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या कानातला बोळा काढून तो म्हणाला, “अगं, असं काही असतं तर पोपटांनी सांगितलं नसतं का?”

“मी डोळ्यांनी बघितलं!”

“डोळ्यांनी काय, काहीही दिसतं.”

ती शेजारच्या रानडुकराकडे, दामूअण्णांकडे गेली. ते म्हणाले, “वहिनी, इथं आभाळ चाललंय आणि तुम्हाला तळ्याचं पडलंय?”

बोलणं फिरत फिरत आवारात पोचलं. दुसऱ्या सकाळी झाडाझाडावरून फर्मान आलं: “कान ही राष्ट्राची संपत्ती आहे. जे कान राष्ट्राच्या कामी येत नाहीत, ते सरकारजमा करण्यात येतील.”

मग मिठूशेठ सुटला. “सशिणीच्या कानांत दडलंय काय? कापूस, की कावळ्यांचा कट? आज दुपारी फैसला, सर्वांसमक्ष!”

एवढी गर्दी मावायला रानात मोकळी जागा एकच होती, तळ्याचा काठ. कोल्हेप्रधान महाराजांच्या कानाशी लागले, “महाराज, तळ्यावर नको.” पण महाराजांना मोठ्या गर्दीचा सोस. ते म्हणाले, “लोक तळ्याकडे कशाला बघतील? माझ्याकडे बघतील.”

दुपारी सगळं रान लोटलं. दुर्पा मधोमध उभी होती. केरबा पिलांना पोटाशी घेऊन तिच्या मागं येऊन उभा राहिला. महाराज दगडावर चढले. “बंधुभगिनींनो! मी तुमच्यासाठी दिवसरात्र आभाळ धरून उभा आहे...”

भाषण लांबलं. ऊन चढलं. लांबून धावत आलेल्यांचे घसे कोरडे पडले. दामूअण्णा पाणी प्यायला तळ्यात उतरले आणि पोटापर्यंत चिखलात रुतले.

“अरे, पाणी कुठंय?” ते ओरडले.

“वर बघा!” मिठूशेठ किंचाळला. “कावळे! कावळे आले!”

सवयीनं माना वर गेल्या. पण तहानलेल्याला फार वेळ वर बघता येत नाही. एकेक मान खाली आली. तेवढ्या शांततेत जाळीमागचं खळखळणं सगळ्यांना ऐकू आलं.

दुर्पा टुणटुण उड्या मारत पाटाच्या तोंडाशी गेली, पाठ फिरवली आणि मागच्या पायांनी माती उडवायला लागली. सशाची माती ती केवढी? पण केरबा आला. मग चिखलानं माखलेले दामूअण्णा आले, त्यांनी मुसंडीसरशी पाटाकडेच्या मातीचा अर्धा बांध आत सरकवला. मग गवे, नीलगायी, साळिंदरं. बघता बघता पाट बुजला. वरून तळ्यात येणाऱ्या झऱ्याचं पाणी पुन्हा साठू लागलं. पिलं काठावर नाचली आणि दामूअण्णा हसत म्हणाले, “वहिनी, तो कापूस उरलाय का थोडा?”

आठवड्याभरात सावरीखाली एक बोंड शिल्लक राहिलं नाही. मिठूशेठ सागावरून ओरडे आणि खाली जो तो आपला चरत असे.

कान सरकारजमा करण्याचं कुणी पुन्हा काढलं नाही. उलट, तळं भरल्याच्या दिवशी महाराज काठावर आले आणि म्हणाले, “पाट बुजवण्याची कल्पना मूळ माझीच. रानाला शांतता हवी आहे, हे मी फार आधी ओळखलं होतं.” लगेच त्यांनी ‘शांत रान अभियान’ जाहीर केलं. आता दर झाडावर एकाऐवजी दोन पोपट असतात आणि ते पहाटेपासून ओरडून शांततेचं महत्त्व सांगतात.

या विषयावर चार कोल्ह्यांची चर्चाही ठेवली आहे. शांततेची बाजू मांडायला एका कासवाला बोलावलंय. चर्चा अजून चालू आहे. कासवाची पाळी यायची आहे.