भीमकाय च्यवनप्राश आणि चीतपट जावई

भीमकाय च्यवनप्राशचे मालक आबासाहेब वाघचौडे यांनी पैलवान बिरू हुलवान याला जाहिरातीसाठी बांधून घेतलं होतं. करार कसला, तर कुस्ती जिंको वा हरो, आखाड्यातच चमचाभर च्यवनप्राश खायचा आणि माईकवर ओरडायचं, "ही सगळी भीमकायची करामत!" नाही ओरडलं तर दंड. हे आबासाहेबांनी कौतुकानं पेपरातही छापून आणलं होतं.

जत्रेत बिरूची कुस्ती लागली ती नेमकी आबासाहेबांच्या जावयाशी. आबासाहेब नोटांचं पुडकं घेऊन बिरूच्या राहुटीत शिरले.

"बिरू, आज तेवढा पड. लेकीच्या सासरी माझा मान राहील."

लंगोट आवळत बिरू म्हणाला, "पडतो की, आबासाहेब! मग पाठीची माती सगळ्या जत्रेला दाखवतो, चमचा चाटतो आणि ओरडतो, 'ही सगळी भीमकायची करामत!' करार म्हणजे करार."

आबासाहेबांनी पुडकं परत खिशात कोंबलं.

बिरूनं जावयाला झटक्यात चीत केलं आणि ठरल्याप्रमाणे माईकवर ओरडला. मातीत उताणा पडलेला जावई कळवळून म्हणाला, "सासरेबुवा, मग आमच्या घरी फुकट डबे पाठवता, त्यात काय असतं?"