कुंभारणीची पाणपोई

फार पूर्वी दोन गावांच्या मधल्या खिंडीत देवाचे एक छोटे देऊळ होते आणि देवळाच्या दारात पाणपोई. अलीकडच्या गावातली एक कुंभारीण ती चालवायची. रोज तळ्यातून पाणी वर आणायचे, रांजण भरायचे आणि येईल त्याच्या ओंजळीत ओतायचे. ओतताना ती कधी मान वर करत नसे. तिच्या बापाने देवापुढे तसा नेमच केला होता : तहानलेल्याला देव धाडतो, त्याचे तोंड पाहायचे नाही की गाव विचारायचे नाही. बाप गेला आणि नेम तिच्याकडे आला.

एका वर्षी जत्रेत पालखीला आधी खांदा कुणी द्यायचा, यावरून दोन्ही गावांची जुंपली. पालखीतल्या देवाची काहीच तक्रार नव्हती, पण त्याला विचारतो कोण! अलीकडच्या गावच्या पाटलाने दवंडी पिटवली, पलीकडच्यांना आपल्याकडून काही द्यायचे नाही. मग तो कुंभारणीकडे आला.

"उद्यापासून आधी गाव विचारायचं. पलीकडचा असला की हाकलून द्यायचं."

"पाटील, देवापुढचा नेम आहे हो."

"आणि तळ्याची माती माझ्या हुकमाने मिळते. ती बंद केली तर चाकावर काय ठेवशील?"

कुंभारीण घाबरली. माती नाही तर मडकी नाहीत, मडकी नाहीत तर चूल नाही. संध्याकाळी ती देवळात जाऊन बसली. "देवा, मी भित्री आहे. पाटलांचा आवाज चढला की माझे पाय लटपटतात. काम तुझं आहे, तर धीरही तूच दे."

देव काही बोलला नाही. पाय लटपटायचेही थांबले नाहीत. पण काम देवाचे आहे, हे तिने स्वतःच्याच तोंडून ऐकले होते. सकाळी ती लटपटत्या पायांनीच खिंडीत गेली.

पहिलाच वाटसरू पलीकडचा निघाला. तिने पाणी ओतले. पाटील माणसे घेऊन उभाच होता. त्याने काठी उगारली आणि एकेक रांजण फोडून टाकला. "आता ओत!"

रांजण तिने स्वतः घडवलेले होते. तिला रडू आवरेना. रडत रडतच ती तळ्यावर गेली आणि कमरेवर घागर घेऊन परत येऊन बसली.

"ही पण फोडीन!"

"फोडा पाटील. घरी अजून आहेत."

पाटलाची माणसे हसली. तो चिडला आणि पलीकडचा कुणी येऊच नये म्हणून स्वतः खिंडीच्या तोंडाशी पहारा देत उभा राहिला. ऊन चढले. माणसे जेवायला म्हणून सटकली. पाटील मात्र हट्टाने उभाच. दुपारी त्याच्या घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली.

कुंभारीण मान खाली घालून बसली होती. समोर एक ओंजळ आली. तिने पाणी ओतले. ओंजळ रिकामी झाली, पुन्हा पुढे आली. घागरीतले शेवटचे पाणीही तिने त्याच ओंजळीत ओतले.

"मला ओळखलं नाहीस?" पाटलाने खालच्या आवाजात विचारले.

"तहान लागली होती तुम्हाला, तेवढं कळलं," ती म्हणाली. मान तिने वर केली नाही.

पाटील गावाच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात तळ्याच्या मातीचा ढीग पडलेला होता. कुणी टाकला, ते तिने विचारले नाही. नव्या रांजणांसाठी ती माती मळायला बसली.

तात्पर्य इतकेच : देवावर भरवसा ठेवला म्हणून भीती जातेच असे नाही, पण भीत भीत का होईना, त्याचे काम आपल्या हातून सुटत नाही, आणि धीर म्हणतात तो हाच.